सॅटमधले ट्रान्झिशनचे प्रश्न: आधी मराठीत जोडा, मग ऑप्शन बघा

मागच्या मे महिन्यात रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज, सोबत लॅपटॉपच्या स्क्रीनचा तिरका काढलेला फोटो. "मावशी, यात चारही ऑप्शन बरोबर वाटतायत गं." सॅटच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, प्रॅक्टिस टेस्टमधला प्रश्न होता, तीन वाक्यांचा उतारा, तिसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला रिकामी जागा आणि बाजूला हाउएव्हर, मोरओव्हर, देअरफोर, फॉर इन्स्टन्स. मी विचारलं उतारा कशाबद्दल आहे, तर म्हणे तो नीट नाही वाचला, रिकाम्या जागेच्या आजूबाजूचं वाचलं फक्त. आजूबाजूचं म्हणजे पुढचे चार शब्द. त्याच्या क्लासनं त्याला सत्तर-ऐंशी ट्रान्झिशन शब्दांची, म्हणजे वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची, यादी अर्थासकट दिली होती, पोरानं ती घोकून पाठ केली होती, तरीही दहातले पाच चुकत होते.

आता मी वर "तरीही" लिहिलं ना, ते लिहायला मला कुठली यादी आठवावी लागली नाही. पाठ केलं आणि चुकलं, या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतायत हे डोक्याला आधीच कळलेलं होतं, शब्द मागून आला. ट्रान्झिशनच्या प्रश्नात एवढंच करायचं असतं, फक्त इंग्रजी समोर आलं की आपण उलटा प्रवास करतो, शब्द आधी आणि नातं नंतर, आणि तिथेच फसतो. त्या रात्रीनंतर भाच्याला मी दोन महिने जे शिकवलं ते इथे लिहितेय, पहिल्यांदाच सॅटचा अभ्यास करणाऱ्यांसाठी. ज्यांचा इंग्रजीचा स्कोअर आधीच आठशेपैकी साडेसातशेच्या वर आहे त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

हे प्रश्न येतात कुठे

सॅट आता पूर्ण डिजिटल आहे, भारतासकट बाहेरच्या देशांत मार्च २०२३ पासून आणि खुद्द अमेरिकेत मार्च २०२४ पासून. ब्लूबुक नावाच्या ॲपवर होते. रीडिंग अँड रायटिंग या इंग्रजीच्या भागात ५४ प्रश्न आणि ६४ मिनिटं, दोन मॉड्यूलमध्ये विभागलेले, प्रत्येकात २७ प्रश्न नि ३२ मिनिटं. पहिलं मॉड्यूल कसं जातं त्यावर दुसरं सोपं येणार की अवघड ते ठरतं. प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा छोटा उतारा असतो, २५ ते १५० शब्दांचा, म्हणजे जुन्या सॅटसारखे ते लांबलचक पॅसेज आता नाहीत.

मॉड्यूलच्या आत प्रश्नांचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी शब्दार्थाचे, मग वाचून समजायचे, मग ग्रामरचे, आणि शेवटी शेवटी ट्रान्झिशन, त्याच्यामागे ते नोट्स देऊन वाक्य निवडायला लावणारे प्रश्न. ट्रान्झिशन आणि नोट्सवाले मिळून, दोन्ही मॉड्यूल धरून एकूण ८ ते १२ येतात. ट्रान्झिशनवाला ओळखायचा कसा, तर प्रश्नात "मोस्ट लॉजिकल ट्रान्झिशन" असे शब्द असतात. यात लॉजिकल हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण चारही ऑप्शन ग्रामरमध्ये बसतात. वाचून बघितलं तर चारही कानाला बरे वाटतात. म्हणून "वाचून जे छान वाटेल ते" ही पद्धत इथे साफ झोपते.

पहिली पायरी: उजवा हात स्क्रीनवर

अक्षरशः. ब्लूबुकमध्ये उतारा डावीकडे आणि ऑप्शन उजवीकडे दिसतात, तर घरी प्रॅक्टिस करताना पहिले पंधरा दिवस उजवी बाजू तळहातानं किंवा वहीनं झाका. भाच्याला हे बालिश वाटलं, म्हणाला मी नुसता बघणार नाही ना. बघतोच. डोळा जातोच, आणि एकदा हाउएव्हर दिसलं की पुढचं सगळं वाचन हाउएव्हर बसतंय का एवढंच शोधायला होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये हात लावून बसायचं नाहीये, तोवर सवय लागलेली असते.

दुसरी पायरी: दोन वाक्यांचा चुरा करा

रिकाम्या जागेच्या आधीचं वाक्य आणि रिकामी जागा असलेलं वाक्य, दोन्ही शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचायची आणि प्रत्येकाचे मनात चार-पाच मराठी शब्द करायचे. सॅटवाल्यांना लांब नावं, विद्यापीठं, कंसातली वर्षं घालायची फार हौस, त्यातलं ८० टक्के या प्रश्नाला लागत नाही. मी फोनवर त्याला एक प्रश्न स्वतः बनवून दिला होता तो इथे देते, मराठीतच वाचा:

आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानं १९१२ साली असं मांडलं की पृथ्वीवरचे खंड कधीकाळी एकत्र होते आणि नंतर सरकत लांब गेले. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचे किनारे एकमेकांत बसतात, दोन्हीकडे एकाच प्राण्याचे जीवाश्म मिळतात, असे बरेच पुरावे त्यानं गोळा केले. ______, त्याच्या हयातीत बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ही कल्पना नाकारली.

ऑप्शन: कॉन्सिक्वेंटली, नेव्हरदलेस, सिमिलरली, फॉर इन्स्टन्स.

भाचा लगेच म्हणाला कॉन्सिक्वेंटली. का रे? तर पुरावे दिले म्हणजे लोकांना पटलं असणार! "नाकारली" हा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी आहे आणि तो तिथपर्यंत पोचलाच नव्हता. चुरा केला असता तर एवढाच उरला असता: पुरावे भरपूर. लोकांनी नाकारलं. आता यांच्या मध्ये आपण बोलताना काय घालू? तरीही. संपलं, नेव्हरदलेस.

आता याच उताऱ्याचं शेपूट बदलून बघा. तिसरं वाक्य असं केलं की "खंड नेमके कशामुळे सरकतात हे त्याला इतरांना पटेल असं सांगता आलं नाही", तर हाउएव्हर. असं केलं की "१९६०च्या दशकात समुद्राच्या तळाचा अभ्यास झाला आणि कल्पना नव्या रूपात स्वीकारली गेली", तर अल्टिमेटली, म्हणजे शेवटी एकदाचं. पहिली दोन वाक्यं तीच, उत्तर दर वेळी वेगळं, कारण उत्तर रिकाम्या जागेच्या पुढच्या भागात लपलेलं असतं. माझ्या अंदाजानं भाच्याच्या निम्म्या चुका नुसत्या वाक्य पूर्ण न वाचल्यामुळे होत्या, इंग्रजी कच्चं असल्यामुळे नव्हे.

कधी कधी लगेच आधीचं वाक्य म्हणजे नुसता तपशील असतो, एखाद्या प्रयोगात काय मोजलं वगैरे, मग एक वाक्य आणखी मागे जाऊन मुद्दा कुठे होता ते बघा. आणि रिकामी जागा कधी कर्त्याच्या नंतर दोन स्वल्पविरामांत येते, तेव्हा मनातल्या मनात ती उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, काम तेच असतं.

तिसरी पायरी: मराठी शब्द घाला, पण नेमका

इथे मराठी आपल्याला जबरदस्त मदत करते आणि दोन-तीन ठिकाणी गोत्यातही आणते. मदत करते कारण जोडणारे शब्द आपल्या जिभेवर आहेत: पण, तरीही, त्यामुळे, शिवाय, उदाहरणार्थ, तसंच, थोडक्यात, दरम्यान. गोत्यात आणते कारण रोजच्या बोलण्यात आपण एकाच शब्दाकडून तीन कामं करून घेतो.

सगळ्यात मोठा गुन्हेगार "म्हणून". हे दोन बघा.

१८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि गंधकाचे कण वातावरणात उंच जाऊन सूर्यप्रकाश अडवू लागले. ______, १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा जाणवलाच नाही आणि पिकं बुडाली.

नॉर्मन बोरलॉग यांना गव्हाचं नवं वाण तयार व्हायला लागणारी वर्षं कमी करायची होती. ______, त्यांनी मेक्सिकोत हवामान वेगळं असलेल्या दोन ठिकाणी मिळून एकाच वर्षात गव्हाच्या दोन पिढ्या घेतल्या.

दोन्हीकडे "म्हणून" घालून वाचा, दोन्हीकडे चालतंय. पण इंग्रजीत पहिल्याला ॲज अ रिझल्ट आणि दुसऱ्याला टू दॅट एंड. तांबोराला कुणाची पिकं बुडवायची नव्हती, ते आपोआप घडलं. बोरलॉगना काहीतरी हवं होतं आणि ते मिळवायला त्यांनी मुद्दाम एक गोष्ट केली. मराठीत हा फरक करायला शब्द आहेतच की, "त्यामुळे" आणि "त्यासाठी". म्हणून नियम असा की मनात "म्हणून" आलं की त्याला हाकलायचं आणि यातला कुठला बसतो ते बघायचं. त्यासाठी बसलं तर टू दॅट एंड, त्यामुळे बसलं तर ॲज अ रिझल्ट, कॉन्सिक्वेंटली, देअरफोर, दस (thus) या गटातलं काहीतरी. पहिल्या वाक्यात कुणाची इच्छा, हेतू, ध्येय दिसलं की कान टवकारा. (हो, मीही वरच्या नियमात "म्हणून" वापरलंय, बोलताना चालतं.)

दुसरा गुन्हेगार "उलट". आपण म्हणतो "मी अजिबात रागावले नाही, उलट मला बरंच वाटलं", आणि आपणच म्हणतो "कोकणात पाऊस धो धो, उलट माणदेशात थेंब नाही". पहिल्यात माणूस एकच आहे, एक गोष्ट नाकारून दुसरी सांगितली. दुसऱ्यात दोन वेगळे प्रदेश शेजारी ठेवलेत. इंग्रजीत ही दोन वेगळी घरं आहेत. नकार देऊन खरं सांगायचं असेल तर रादर किंवा इनस्टेड, दोन वेगळ्या गोष्टींची तुलना असेल तर बाय कॉन्ट्रास्ट किंवा कन्व्हर्सली.

लोणारचं विवर ज्वालामुखीच्या मुखातून तयार झालेलं नाही. ______, अवकाशातून आलेली उल्का बसाल्टच्या खडकावर आदळून ते तयार झालं. पहिल्या वाक्यात "नाही" आहे, गोष्ट एकच, तर रादर.

माणसाच्या रक्तात लोह असलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, त्यामुळे रक्त लाल दिसतं. ______, ऑक्टोपसच्या रक्तात हे काम तांबं असलेलं हिमोसायनिन करतं आणि रक्त निळं दिसतं. माणूस एकीकडे, ऑक्टोपस दुसरीकडे, नकार कुठेच नाही, तर बाय कॉन्ट्रास्ट.

इनस्टेडबद्दल एक जास्तीचं सांगते, कारण भाचा त्यावर सारखा पडायचा. इनस्टेड म्हणजे "त्याऐवजी", आणि कशाऐवजी ते आधीच्या वाक्यात हवंच, काहीतरी नाकारलेलं, टाळलेलं, सोडलेलं. आधीच्या वाक्यात सोडलेली गोष्ट बोटानं दाखवता आली नाही तर इनस्टेड खोडा.

तिसरा "मग". मग हे वेळेचंही असतं आणि परिणामाचंही. सबसिक्वेंटली आणि कॉन्सिक्वेंटली एकाच प्रश्नात समोर आले की "मग" नं काही ठरत नाही. तिथे विचारा, पहिली गोष्ट घडली नसती तर दुसरी घडली असती का? घडली असती तर नुसता क्रम, सबसिक्वेंटली. तांबोराचं वरचं वाक्य बघा, उद्रेक नसता तर पिकं तशी बुडाली नसती, तर तिथे सबसिक्वेंटली अर्धवट उत्तर आणि कॉन्सिक्वेंटली पूर्ण.

आणि एक शब्द जो आपण दहावीच्या निबंधानंतर कपाटात टाकून देतो: किंबहुना. इनडीड आणि इन फॅक्टसाठी याच्याइतका चपखल शब्द नाही. मंगळावरचा ऑलिम्पस मॉन्स हा ज्वालामुखी अवाढव्य उंच आहे. ______, त्याची उंची एव्हरेस्टच्या जवळजवळ अडीचपट भरते. इथे नवीन मुद्दा आलेला नाही, म्हणून मोरओव्हर नाही. अनेक उंच डोंगरांपैकी हा एक असंही सांगितलेलं नाही, म्हणून फॉर इन्स्टन्स नाही. आधी जे म्हटलं तेच आणखी जोर लावून म्हटलंय. किंबहुना, इनडीड. इनडीड दिसला की मुलं घाबरून सोडून देतात, कारण यादीत त्याचा अर्थ "खरोखर" असा लिहिलेला असतो आणि "खरोखर" तर कुठेही बसत नाही.

चौथी पायरी: आता हात काढा

मराठी शब्द पक्का झाला की ऑप्शन बघायचे, आणि आपल्या शब्दाच्या घराण्यातले नसतील ते खोडायचे, ब्लूबुकमध्ये ऑप्शनवर काट मारायची सोय आहे ती वापरा. बहुतेक वेळा एकच उरतो. दोन उरले तरच डोकं लावायचं.

दोन उरतात ती ठिकाणं ठराविक असतात. फॉर इन्स्टन्स आणि स्पेसिफिकली: अनेकांतलं एक उदाहरण दिलंय की तीच गोष्ट अजून नेमकी करून सांगितलीय? "संशोधकांना पक्ष्यांच्या आवाजात बदल दिसला. ______, शहरातले पक्षी जास्त वरच्या पट्टीत गात होते." बदल दिसला म्हणजे हाच बदल, दुसरा नाही, तर स्पेसिफिकली. सिमिलरली आणि मोरओव्हर: दोन वेगळ्या व्यक्ती किंवा गोष्टी सारखं वागतायत तर सिमिलरली, एकाच गोष्टीबद्दल आणखी एक मुद्दा जोडलाय तर मोरओव्हर. ग्रँटेड म्हणजे आपलं भांडणातलं "मान्य", ते आलं की पुढे "पण" येणारच असतं, त्यामुळे ग्रँटेड असेल तर नंतरच्या वाक्यात स्टिल, बट, नेव्हरदलेस असलं काहीतरी आहे का ते बघा.

एक ट्रिक सगळेच सांगतात, की दोन ऑप्शनचा अर्थ अगदी एकच असेल, समजा देअरफोर आणि दस, तर दोन्ही चूक, कारण बरोबर उत्तर एकच असू शकतं. ट्रिक खरी आहे, मी वापरतेही, पण तिच्यावर विसंबून राहू नका. अर्धवट माहितीवर "हे दोन सारखेच" ठरवून मोरओव्हर आणि सिमिलरली दोन्ही खोडणारी मुलं मी पाहिलीत.

सराव कसा करायचा

सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डची ऑनलाइन क्वेश्चन बँक फुकट आहे, त्यात फक्त ट्रान्झिशनचे प्रश्न वेगळे काढता येतात, सोपे-मध्यम-अवघड असेही. खान अकॅडमीवरही फुकट आहे. रोज दहा, जास्त नको. पण प्रत्येक प्रश्नाला ऑप्शन बघायच्या आधी वहीत मराठी शब्द लिहा, आणि प्रश्न चुकला तर काय चुकलं तेही लिहा: मराठी शब्दच चुकला, की मराठी बरोबर होता पण इंग्रजी जुळणी चुकली. पहिल्या प्रकारची चूक असेल तर वाचन घाईत होतंय. दुसऱ्या प्रकारची असेल तर मग ती यादी उघडा, तेवढ्याच शब्दापुरती. भाच्याच्या वहीत पहिल्या आठवड्यात बहुतेक चुका पहिल्या प्रकारच्या निघाल्या आणि त्याला मनापासून धक्का बसला, त्याला वाटत होतं त्याचं इंग्रजीच वाईट आहे.

प्रवासात करायचा एक खेळ पण आहे, यात पुस्तक लागत नाही. एक वाक्य घ्यायचं आणि त्याला वेगवेगळी शेपटं लावायची. आमचं वाक्य ठरलेलं होतं, "सोसायटीत पाण्याची बोंब आहे." त्यामुळे रोज दोन टँकर येतात. तरीही चौथ्या मजल्यावरचे काका पाइप लावून गाडी धुतात. किंबहुना गेल्या मंगळवारी नळाला थेंब नव्हता. याउलट शेजारच्या सोसायटीत कारंजं चालू असतं. भाच्यानं एकदा "ग्रँटेड" वर लावलं, "मान्य, काकांची गाडी नवीन आहे", आणि पुढे त्याच्या आईनं "पण" लावून जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वेळेचं म्हणाल तर ६४ मिनिटांत ५४ म्हणजे प्रश्नाला साधारण ७१ सेकंद पडतात, पण ट्रान्झिशन पाऊण मिनिटात व्हायला हवेत, ते वाचलेले सेकंद वाचनाच्या अवघड प्रश्नांना लागतात. हे प्रश्न मॉड्यूलच्या शेवटाकडे असल्यामुळे घाई नेमकी इथेच होते, तर काही जण आधी इकडे उडी मारतात आणि मग मागे येतात. ॲपमध्ये मागे-पुढे जाता येतं त्याच मॉड्यूलमध्ये, त्यामुळे अडचण नाही. मला स्वतःला ते आवडतं, भाच्याला नाही आवडलं, त्याचं क्रमानंच बरं चाललं. दोन प्रॅक्टिस टेस्ट दोन्ही पद्धतीनं देऊन बघा. आणि निगेटिव्ह मार्किंग नाहीये, तेव्हा रिकामा एकही सोडायचा नाही, शेवटच्या दहा सेकंदात काहीतरी दाबायचंच.

जाता जाता एक तुमच्यासाठी. ऑप्शन झाका, म्हणजे मी ते पुढच्या परिच्छेदात दिलेत, तिकडे लगेच जाऊ नका.

टार्डिग्रेड हा एक मिलिमीटरपेक्षाही लहान प्राणी ओल्या शेवाळात राहतो आणि पाणी मिळालं नाही तर अंग आकसून जवळजवळ मेल्यासारखा पडून राहतो. या अवस्थेत तो कुठल्या थराला जाऊन टिकू शकतो हे शास्त्रज्ञांना तपासायचं होतं. ______, २००७ साली त्यांनी काही टार्डिग्रेड यानातून पाठवून थेट अवकाशाच्या निर्वात पोकळीत उघडे ठेवले.

ऑप्शन: ॲज अ रिझल्ट, टू दॅट एंड, इनडीड, बाय कॉन्ट्रास्ट. "तपासायचं होतं" हे शब्द बघा. तुमच्या मनात "म्हणून" आलं असेल तर त्याला हाकला आणि परत वाचा. (आणि हो, त्यातले काही जिवंत परत आले.)